वाहन कीं बोजा? मोटारीच्या पाठीवरील सायकलीचा इतिहास

सायकल ही काय वस्तु आहे, असें कोणीं विचारलें तर शाळेंत जाणारा मुलगाहि हंसेल. परंतु हाच प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांपुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुनःपुन्हां आला, आणि विद्वान् न्यायाधीशांनीं त्याला दर वेळीं निराळें उत्तर दिलें. आज हा वाद मिटला आहे असें वाटतें खरें; पण सुटीच्या दिवशीं सहकुटुंब बाहेर पडलेल्या एखाद्या मोटारीच्या मागल्या अंगाला, लोखंडी सांगाड्यावर आडव्या बांधलेल्या दोन-तीन सायकली पाहिल्या म्हणजे तो जुना प्रश्न पुन्हां डोकें वर काढतो. या सांगाड्याला सगळीकडे 'रॅक' म्हणतात. त्यावर चढलेली सायकल वाहन कीं बोजा? कायदा म्हणतो, बोजा. आणि ती बोजा ठरतांच मोटारीच्या मालकावर जीं बंधनें येतात, त्यांतील एकेका बंधनामागें शंभर-सव्वाशें वर्षांचें भांडण आहे.

आरंभ करावयाचा तो १८७९ सालापासून. लंडनच्या उत्तरेस मस्वेल हिल नांवाचा चढाव आहे. तेथून एक गृहस्थ सायकलीवरून भरधांव उतरला म्हणून त्याच्यावर खटला झाला. खटल्याचा आधार होता १८३५ चा रस्त्यांचा कायदा. त्यांत बेफामपणें 'गाडी' हांकणाऱ्यास दंड सांगितला होता. आरोपीचें म्हणणें साधें होतें: हा कायदा झाला त्या वेळीं पायांनीं फिरविण्याचें असलें यंत्र कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें, कायदा घोड्यांच्या गाड्यांसाठीं आहे, मला तो कसा लागावा? न्यायमूर्ति मेलर आणि लश यांनीं हें म्हणणें मानलें नाहीं. कायद्यांतील शब्द पुरेसा व्यापक आहे, सायकल बसणाऱ्याला वाहून नेते, सबब ती गाडीच, असा त्यांनीं निर्णय दिला. शब्दाचा अर्थ कायदा लिहिणाऱ्याच्या कल्पनेपुरता मर्यादित ठेवावयाचा नाहीं, तर कायद्याचा हेतु ज्या संकटाला आळा घालण्याचा, तें संकट ज्या ज्या वस्तूपासून उद्भवेल त्या सर्वांना तो लावावयाचा, हें सूत्र येथें दिसतें. वाचकांनीं तें लक्षांत ठेवावें. पुढें आपल्या देशांतच त्याची गांठ पडावयाची आहे.

मात्र लगेच दुसऱ्या वर्षीं, १८८० सालीं, टोलनाक्याच्या एका खटल्यांत नेमकें उलट ठरलें. टोलच्या यादींत जीं वाहनें नांवनिशीवार दिलीं होतीं, त्यांच्या जातीची सायकल नव्हे. म्हणून तिला टोल नाहीं! वेगानें गेली तर गाडी, पैसे मागितले तर गाडी नव्हे, असा हा न्याय सायकलस्वारांच्या चांगलाच पथ्यावर पडला असला पाहिजे. १८८८ मध्यें पार्लमेंटनें स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्यांत एक कलम घालून हा घोळ बऱ्याच अंशीं मिटविला. सायकल, तीनचाकी व तत्सम यंत्रें रस्त्याच्या कायद्यापुरतीं गाड्याच समजावीं. रात्रीं त्यांना दिवा असावा. आणि दुसऱ्याला मागें टाकून जातांना स्वारानें घंटा किंवा शिटी वाजवावी, असें त्यांत स्पष्ट लिहिलें. इतकी खटपट करून सायकलीला रस्त्यावर जें स्थान मिळालें, तें तिच्या स्वारांना अभिमानास्पद वाटे, आणि तें योग्यच होतें. गाडी म्हटल्यावर दंड आला, पण गाडी म्हटल्यावर रस्त्यावरचा हक्कहि आला.

आतां गंमत अशी, कीं हीच गाडी आगगाडीच्या डब्याशीं जाऊन उभी राहिली कीं तिचें स्वरूप बदले. एका उतारूनें आपली सायकल हें आपलें सामान आहे, सबब रेल्वेनें ती तिकिटाच्या पैशांतच नेली पाहिजे, असा दावा लावला. १८९९ सालीं न्यायालयानें सांगितलें, कीं सायकल हें उतारूचें नेहमींचें सामान नव्हे. तिचे पैसे निराळे पडतील. म्हणजे ती रस्त्यावर गाडी, टोलनाक्यावर गाडी नव्हे, आणि स्टेशनांत ना गाडी ना सामान! आपल्याकडे हा प्रश्न इतका ताणला गेला नाहीं. १९४८ मध्यें एस्. टी. धांवूं लागल्यावर गांवोगांवच्या उतारूंनीं आपल्या सायकली टपावर चढविल्या, कंडक्टरनें सामानाचें तिकिट फाडलें, आणि हमालानें सुंभानें करकचून बांधलें कीं काम झालें. टपावरच्या सायकलीनें मागच्याचें कांहीं झांकत नव्हतें, एवढें मात्र येथें नमूद करून ठेवतों.

कारण खरा तंटा झांकण्याचाच आहे, आणि त्यासाठीं मोटारीच्या पाठीकडे वळलें पाहिजे. मोटारीला नंबर असावा ही कल्पना आज आपल्याला श्वासोच्छ्वासाइतकी स्वाभाविक वाटते. पॅरिसच्या पोलिसांनीं १८९३ मध्यें मालकाचें नांव, पत्ता व परवान्याचा क्रमांक असलेली पाटी गाडीवर लावण्याचा हुकूम काढला. इंग्लंडांत ही व्यवस्था १९०३ च्या मोटार-कायद्यानें आली आणि १ जानेवारी १९०४ पासून अमलांत आली. त्या काळीं मोटार म्हणजे श्रीमंतांचें खेळणें होतें. भाड्याच्या घोडागाडीसारखा आपल्या गाडीला नंबर ठोकणें हा खानदानी मंडळींना अपमान वाटला. उलट पक्षीं खेड्यापाड्यांतील लोकांचें गाऱ्हाणें असें, कीं हे मोटारवाले धुरळा उडवीत येतात, कोंबडीं-कुत्रीं चिरडतात, आणि धुरळा खालीं बसेपर्यंत दिसेनासे होतात. मग फिर्याद करावी कोणावर? नंबराची पाटी ही या तक्रारीचें उत्तर होती. अपमानाचें भूषण व्हावयाला मात्र वेळ लागला नाहीं. लंडनचा 'ए १' हा पहिला नंबर आपल्यालाच मिळावा म्हणून अर्ल रसेल — तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे वडील बंधु — रात्रभर तिष्ठत राहिले, अशी कथा सांगतात.

१९०३ च्या या कायद्यांतील एक बारीक तरतूद आपल्या विषयाचें मूळ आहे. पाटी नुसती लावून भागत नसे. ती कोणत्याहि प्रकारें झांकली गेली किंवा सहज ओळखूं येईनाशी झाली, तर गाडी चालविणारा गुन्हेगार. तसें होऊं नये म्हणून शक्य ते सर्व उपाय आपण केले होते, हें दाखविण्याचें ओझें त्याच्यावर. रात्रीं त्या पाटीवर उजेड पाडणारा दिवा ठेवण्याचाहि नियम लौकरच आला. त्या वेळीं झांकणारी वस्तु म्हणजे चिखल, धूळ किंवा मालकाची लबाडी. मोटारीच्या मागें सायकल आडवी बांधून कोणी हवा खावयास जाईल हें त्या कायदेपंडितांच्या ध्यानींमनींहि नसणार. परंतु 'कोणत्याहि प्रकारें' हे शब्द त्यांनीं घातले, आणि तेवढ्यांत सगळें आलें. आज ब्रिटनमध्यें या गुन्ह्याला हजार पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो, आणि पाटी सायकलीनें झांकली कीं चिखलानें, याची चौकशी कोणी करीत नाहीं.

पाटीनंतर दिवा. मागच्या तांबड्या दिव्याचा इतिहास पाटीपेक्षां कडवट आहे, आणि त्यांत सायकलस्वारांची बाजू पाहण्यासारखी आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत इंग्लंडांत मोटारी वाढल्या, तसा सायकलींनाहि मागें तांबडा दिवा सक्तीचा करावा असा आग्रह सुरू झाला. १८७८ मध्यें स्थापन झालेल्या सायकलस्वारांच्या क्लबानें त्याला निकरानें विरोध केला. त्यांचें म्हणणें वरवर विचित्र, पण आंतून सयुक्तिक होतें. मागून येणाऱ्यानें पुढें पाहून चालावें हा रस्त्याचा मूळ धर्म. जितक्या अंतरांत आपल्याला गाडी थांबवितां येते तितकें अंतर दिसत असेल तरच वेग वाढवावा. पुढच्याला दिवा लावावयास लावलें म्हणजे ही जबाबदारी मागच्याच्या अंगावरून उतरून पुढच्याच्या अंगावर पडते. त्यांत सायकलीचा दिवा विझला तरी स्वाराला तो पाठीमागें दिसत नाहीं. धडक बसल्यावर मात्र दोष त्याचाच. १९२७ च्या कायद्यानें तडजोड केली: दिवा नसला तर उजेड परत फेंकणारी तांबडी कांच, म्हणजे रिफ्लेक्टर, तरी असावी. पुढें १९३९ मध्यें युद्ध सुरू झालें, रात्रींचे रस्ते काळोखांत बुडाले, आणि मागचा दिवा सक्तीचा झाला. १९४५ मध्यें ती सक्ति कायम झाली. तत्त्वाच्या लढाईंत सायकलस्वार हरले. ते चुकत होते असें मला वाटत नाहीं; पण काळोख्या रस्त्यावर मेलेल्या माणसाला तत्त्वाचा उपयोग नसतो, हेंहि तितकेंच खरें.

दैवाची करणी अशी, कीं जिच्या स्वारांनीं मागच्या दिव्याविरुद्ध एवढें रण माजविलें, तीच सायकल आज दुसऱ्याच्या मागच्या दिव्यांवर पडदा होऊन बसते.

मोटारीवर सायकल वाहून नेण्याची रूढि सर्वसामान्य कुटुंबांत पसरली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तत्पूर्वीं सायकल हीच बहुतेकांची गाडी होती. ती दुसऱ्या गाडीवर चढवावी कशाला? शर्यतींत सुद्धां ही सोय उशीरां आली. १९१३ च्या फ्रान्सच्या महाशर्यतींत यूजेन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा पिरेनीजच्या डोंगरांत मोडला. ती खांद्यावर टाकून तो पायीं खालच्या गांवांत उतरला आणि लोहाराच्या भट्टीवर आपल्या हातानें त्यानें तो जोडला; लोहाराच्या पोरानें भाता ओढला म्हणून पंचांनीं वर त्याला दंडहि केला. आज त्याच शर्यतींत प्रत्येक संघाच्या मोटारीच्या टपावर सायकलींची रांग उभी असते. मोटार घरोघर झाली आणि सायकल कामाची राहिली नाहीं, हौसेची झाली, तेव्हांच तिला डोंगरपायथ्यापर्यंत वाहून नेण्याची गरज निर्माण झाली. स्वीडनमधील थूले ही कंपनी १९४२ मध्यें मासे धरण्याचे सापळे करीत असे. पुढें ती मोटारीच्या टपावरचे सांगाडे करूं लागली. अमेरिकेंत मोटारीच्या मागल्या झांकणावर पट्ट्यांनीं अडकविण्याचे रॅक १९६० नंतरच्या दशकांत बाजारांत आले. टपावरची सायकल उंचीचा प्रश्न निर्माण करते. एखाद्या बुटक्या कमानीखालून जातांना मालकाला ती वर असल्याचा विसर पडला म्हणजे उत्तर आपोआप मिळतें. मागची सायकल मात्र पाटी आणि दिवे, दोन्ही झांकते.

या गोष्टीला आंतरराष्ट्रीय रूप मिळालें १९६८ मध्यें, व्हिएन्ना येथें झालेल्या रस्ते-वाहतुकीच्या करारांत. या कराराला पुढें भारतानेंहि मान्यता दिली. त्याचें तिसावें कलम बोजासंबंधीं आहे. बोजानें चालकाची दृष्टि अडूं नये, गाडीचा तोल जाऊं नये, तो रस्त्यावर घसरूं वा पडूं नये, हें ओघानें आलेंच. पण त्यांतच असें आहे, कीं बोजानें गाडीचे दिवे, थांबण्याचे व वळण्याचे इशारे, रिफ्लेक्टर आणि नोंदणीचा क्रमांक झांकतां कामा नये. बोजा पुढें किंवा मागें एक मीटरपेक्षां अधिक बाहेर आला तर त्यावर खूण हवी. रात्रीं मागच्या टोंकाला तांबडा दिवा व तांबडा रिफ्लेक्टर हवा. आणि बाजूस चाळीस सेंटिमीटरपेक्षां अधिक बाहेर आला तरीहि रात्रीं खूण हवी. सायकलीचें नांव या कलमांत नाहीं. तिला तशी गरजहि नाहीं. तिचा समावेश लांकडाचे ओंडके व लोखंडाचे नळ यांच्या पंक्तींत निमूटपणें झाला आहे.

या एकाच बीजाचे निरनिराळ्या देशांत झालेले वृक्ष पाहणें मनोरंजक आहे. जर्मनींत बोजा मागच्या रिफ्लेक्टरच्या पलीकडे एक मीटरहून अधिक गेला कीं त्यावर कमींत कमी तीस सेंटिमीटर लांबीरुंदीचें भडक तांबडें निशाण लावावें लागतें. येथें जुन्या इतिहासाची आठवण होते. १८६५ च्या इंग्रजी कायद्याप्रमाणें रस्त्यावरून जाणाऱ्या वाफेच्या इंजिनापुढें साठ यार्डांवर एक माणूस तांबडें निशाण घेऊन चालत असे. तें निशाण शंभर वर्षांत गाडीच्या पुढून मागें आलें. इटलींत व स्पेनमध्यें निशाणाऐवजीं पन्नास सेंटिमीटर लांबीरुंदीची, तांबड्या-पांढऱ्या तिरकस पट्ट्यांची पाटी लागते, आणि ती थोड्याशा बाहेर आलेल्या बोजालाहि लागते. त्यामुळें सायकली घेऊन आल्प्स ओलांडून गार्दा सरोवराकडे निघालेलें जर्मन कुटुंब ब्रेनरच्या घाटापर्यंत कायदेशीर असतें, आणि घाट उतरतांच ही पट्ट्यांची पाटी जवळ नसेल तर दंडास पात्र होतें. सायकली त्याच, बांधणी तीच. बदलली ती फक्त सरहद्द. डच लोकांनीं नंबराच्या बाबतींत मोठी व्यवहारी युक्ति योजिली आहे. त्यांच्या मोटारींच्या पाट्या पिंवळ्या. रॅकवर लावावयाला त्याच नंबराची पांढरी पाटी मिळते. पिंवळी म्हणजे मूळ आणि पांढरी म्हणजे पुनरुक्ति, हें पोलिसाला दुरूनच कळतें. जर्मनींत व ब्रिटनमध्येंहि नंबर झांकला गेल्यास रॅकवर तोच नंबर पुन्हां लावावा लागतो, आणि दिवे झांकले तर रॅकवर दुसरे दिवे बसवून त्यांची तार मोटारीला जोडावी लागते. थोडक्यांत, सायकलीमागें मोटारीची एक दुसरी पाठच तयार करावयाची.

आतां आपल्याकडे. आपला मोटार-कायदा १९१४, १९३९ व १९८८ असा तीनदां नव्यानें झाला, आणि त्यांतील बोजाच्या नियमाला आकार दिला तो सायकलीनें किंवा सुटीच्या सहलीनें नव्हे. तो दिला लोखंडी सळयांनीं. ट्रकच्या मागें सळया बाहेर काढून नेणें ही आपल्याकडची जुनी पद्धति. रात्रीं दिवा नाहीं, फडकें नाहीं; मागून येणाऱ्या गाडीला त्या दिसत त्या कांच फोडून आंत आल्यावरच. किती घरें अशीं बसलीं त्याची मोजदाद करवत नाहीं. आणि नियम तर एक मीटरपर्यंत माल बाहेर काढण्यास सवलत देत होता! सर्वोच्च न्यायालयांत या सवलतीविरुद्ध जनहिताचा अर्ज झाला, आणि २०१४ मध्यें केंद्र सरकारनें ती काढून टाकली. नंतर २०१९ च्या दुरुस्तीनें, परवानगीच्या मर्यादेबाहेर बाजूस, पुढें, मागें किंवा उंचीला आलेल्या बोजाबद्दल वीस हजार रुपये दंड, शिवाय तो उतरविण्याचा खर्च, असें कलम आलें.

सळयांच्या बाबतींत हा दंड थोडाच म्हणावा लागेल. पण कलमांत सळयांचें नांव नाहीं. 'बोजा किंवा त्याचा कोणताहि भाग किंवा कोणतीहि वस्तु' असे व्यापक शब्द आहेत. येथेंच १८७९ ची ती मस्वेल हिलची गोष्ट परत भेटते. घोडागाडीसाठीं लिहिलेला शब्द त्या वेळीं सायकलीला लागला. सळयांसाठीं लिहिलेला शब्द आज रॅकवरच्या सायकलीला लागूं शकतो. फरक इतकाच, कीं त्या वेळच्या शब्दानें सायकलीला वाहनाची पदवी दिली, आणि आजच्या शब्दानें तिला ट्रकमधून बाहेर आलेल्या लोखंडाच्या शेजारीं नेऊन बसविलें. माझ्या मतें रॅकवरची सायकल आणि बाहेर आलेली सळई यांत कायद्यानें भेद करावा, आणि त्यासाठीं युरोपांतल्याप्रमाणें मापें व खुणा स्पष्ट लिहून द्याव्या; परंतु सायकल निरुपद्रवी आहे म्हणून तिला मोकळें सोडावें, हें मात्र मला पटत नाहीं. ब्रेकचा दिवा सायकलीच्या चाकानें झांकला काय किंवा पोत्यानें झांकला काय, मागच्या दुचाकीवाल्याच्या दृष्टीनें दोन्ही सारखेंच.

नंबराच्या पाटीची अडचण तर आपल्याकडे जास्तच बिकट आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना, आणि त्यानंतर टप्प्याटप्प्यानें जुन्या गाड्यांनाहि, जी उच्च-सुरक्षा पाटी आली, ती मुद्दामच अशी केलेली आहे कीं काढतां येऊं नये. तिच्यावर चकाकणारें चक्राचें चिन्ह असतें, लेसरनें कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि ती एकदांच बसणाऱ्या कुलुपी खिळ्यांनीं ठोकलेली असते. चोरी थांबविण्यासाठीं हें सर्व उत्तमच आहे. पण मोटारीवरून उचलून रॅकवर लावावी अशी ही पाटी नव्हे. आणि या व्यवस्थेंत जिला 'तिसरी' म्हणतात, ती पुढच्या कांचेला आंतून चिकटवावयाची चिठ्ठी आहे. डच लोकांच्या पांढऱ्या पाटीसारखें कांहीं यांत नाहीं. म्हणून सध्यां शहाण्या माणसानें करावें तें इतकेंच: पाटी व दिवे झांकले जाणार नाहींत अशा उंच बांधणीचा रॅक घ्यावा, नाहींतर सायकली टपावर चढवाव्या. एस्. टी.च्या त्या जुन्या हमालाची रीत शेवटीं कायद्याला अधिक मानवणारी निघाली.

मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग २००२ मध्यें पुरा झाला. त्यावर पादचाऱ्यांना, बैलगाड्यांना, दुचाक्यांना आणि सायकलींना मज्जाव आहे. एके काळीं पुण्यास सायकलींचें शहर म्हणत. नगरपालिकेचा बिल्ला नाहीं म्हणून, रात्रीं दिवा नाहीं म्हणून, किंवा डबलसीट बसविलें म्हणून सायकलस्वाराला पोलिसानें अडवावें हा तेथील नित्याचा देखावा होता. म्हणजे तिला वाहनाची सर्व बंधनें होतीं. त्या पुण्याहून निघालेली सायकल आज या मार्गावर आपल्या चाकांवर एक पाऊलहि टाकूं शकत नाहीं. बोजा होऊन मात्र ती बोरघाट उतरून मुंबईपर्यंत जाऊं शकते. इंग्लंडांत १९५० मध्यें इल्फ्राकूम गांवीं एक मद्यपी आपली सायकल हातानें ढकलीत नेत असतां पकडला गेला, तेव्हां लॉर्ड गॉडर्ड यांच्या न्यायासनानें ठरविलें होतें, कीं स्वार खालीं असला तरी सायकल ही गाडीच. दोन्ही चाकें जमिनीवरून उचललीं म्हणजे ती गाडीपणा गमावते काय, हा प्रश्न त्यांच्यापुढें आला नाहीं.

रॅकवर सायकली बांधणाऱ्यांसाठीं आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. मोटारीच्या मागें सायकल आडवी बांधली जाते. त्यामुळें तिच्या मागच्या मडगार्डावरची तांबडी कांच, जी १९२७ च्या तडजोडींतून तिच्या पाठीला चिकटली, ती त्या वेळीं मागून येणाऱ्याकडे पाहत नसून रस्त्याच्या कडेच्या झाडांकडे पाहत असते. मागच्या गाडीच्या उजेडांत चमकतात त्या फक्त चाकांच्या आऱ्यांत अडकविलेल्या कांचा, त्याहि असल्या तर. तेव्हां घरून निघण्यापूर्वीं दुसऱ्या कोणाला तरी वीस-पंचवीस पावलें मागें उभें करावें, मोटारीचे दिवे, ब्रेक आणि दोन्ही बाजूंचे इशारे एकदां चालवून पहावे, आणि काय दिसतें आणि काय दिसत नाहीं तें त्यालाच विचारावें.